कनू, कॅमेरा आणि काका

मुठीत मावणारा कॅमेरा, दोन्ही टोकांना निमुळती होडी आणि मोबाईलला रेंज नसलेले चार दिवस. कॅनडातल्या जंगलात शूटिंग करायला गेलं की हाती काय लागतं?

प्रत्येक ऑफिसात असा एक जण असतोच. सोमवारी सकाळी कॉफी मशीनपाशी तुम्हाला गाठतो, मोबाईल नाकासमोर धरतो आणि म्हणतो, "दोनच मिनिटं, बघ ना यार!" मग सुरू होतो कोलाडचा, नाहीतर ऋषिकेशचा राफ्टिंगचा व्हिडिओ. अकरा मिनिटांचा. त्यात दिसतं काय, तर एक हेल्मेट, भरपूर पाणी, कुणाचं तरी कोपर आणि 'ओ माय गॉड'चा अखंड जप. पठ्ठ्याने तिथे फुल टू धमाल केलेली असते, यात शंकाच नाही. पण ती धमाल व्हिडिओत उतरलेलीच नसते. आपण "सही आहे!" म्हणतो आणि कप उचलून सटकतो.

मास कॉम केलेल्यांना असल्या व्हिडिओंचा जरा जास्तच त्रास होतो. आम्हाला कॉलेजात ट्रायपॉडशिवाय कॅमेऱ्याला हात लावू देत नसत. त्यामुळे २०२३ च्या सप्टेंबरमध्ये टोरांटोचा माझा मावसभाऊ म्हणाला, "आलीच आहेस तर चार दिवस कनू ट्रिपला चल, आणि शूटिंग तू बघ," तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "कॅमेरा कुठला?" दादाने खिशातून गोप्रो काढून माझ्या तळहातावर ठेवला. हिरो ९. वजन बटाट्याएवढं.

या बटाट्याची जन्मकथा भारी आहे. निक वूडमन नावाच्या कॅलिफोर्नियाच्या एका सर्फरला लाटेवर स्वार असताना स्वतःचाच फोटो काढायचा होता. ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाच्या भटकंतीत त्याने मनगटाला कॅमेरा बांधायचा पट्टा करून बघितला. २००२ मध्ये कंपनी काढली, २००४ मध्ये पहिला कॅमेरा बाजारात आणला. तोही चक्क रोलचा, ३५ मिलीमीटरचा! २००६ चा पहिला डिजिटल हिरो एका वेळी जेमतेम १० सेकंद व्हिडिओ घ्यायचा. २०१६ मध्ये हिरो ५ आला, तो वेगळ्या डबीशिवाय १० मीटर खोल पाण्यात चालायला लागला. २०१८ च्या हिरो ७ मध्ये चित्र स्थिर ठेवणारी हायपरस्मूथ ही करामत आली आणि हेलकावणारी दृश्यं बघताना मळमळणं बंद झालं. पुढच्याच वर्षी डीजेआयनेही याच आकाराचा कॅमेरा काढला, पुढच्या बाजूलाही स्क्रीन असलेला. आता स्पर्धा जोरात आहे.

हे कॅमेरे बनले सर्फिंग-स्कीइंगसारख्या झटपट खेळांसाठी. कनूचा मामला अगदी उलटा. ती चालते माणसाच्या चालीने. तासभर वल्हवलं तरी समोरचं दृश्य तेच. पाणी, झाडं, आभाळ. मग ते पडद्यावर बघण्यासारखं कसं करायचं?

कनू म्हणजे कयाक नव्हे

आपल्याकडे पानशेतला किंवा गोव्याला जी बंद होडी, दोन पात्यांचं वल्हं फिरवत चालवतात, ती कयाक. कनू वरून उघडी असते. वल्ह्याला एकच पातं. एक जण पुढे, एक मागे, आणि मधल्या जागेत तंबू, शिधा, स्लीपिंग बॅगा, सगळा संसार. उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांनी भूर्जाच्या सालीपासून केलेली ही होडी. तळ्यांच्या आणि नद्यांच्या त्या मुलखात तीच त्यांची बैलगाडी. एक तळं संपलं की होडी डोक्यावर घ्यायची, जंगलातल्या पायवाटेने पुढच्या तळ्यापर्यंत न्यायची आणि परत पाण्यात सोडायची. याला म्हणतात पोर्टेज. आजची केव्हलारची कनू साधारण २० किलोची असते आणि तिच्या मधल्या आडव्या दांड्याला खांद्यांसाठी खाच असते. लांबून बघितलं तर दोन पायांचं मोठ्ठं कासव चाललंय असं वाटतं.

आम्ही गेलो ते अल्गॉन्किन पार्कमध्ये. टोरांटोपासून गाडीने तीन-साडेतीन तास. १८९३ मध्ये स्थापन झालेलं हे पार्क सुमारे ७,६०० चौरस किलोमीटरचं आहे. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून ६०० च्या आसपास भरतात, त्यावरून अंदाज करा. दक्षिणेकडून एक हायवे जातो, बाकी बहुतेक ठिकाणी पोचायचं तर वल्हं मारत किंवा पायी. आमची सुरुवात कनू लेकवरून. टॉम थॉमसन हा कॅनडाचा लाडका चित्रकार ८ जुलै १९१७ ला याच तळ्यावर कनू घेऊन निघाला. त्याचा मृतदेह आठ दिवसांनी सापडला. अपघात की आणखी काही, यावर तिथे आजही गप्पा रंगतात. किनाऱ्यावरच्या शेकोटीसाठी तयार विषय!

टीममध्ये चौघं. दादा आणि काका एका कनूत, वहिनी आणि मी दुसरीत. मावशीने "जंगलात जमिनीवर झोपायला मी वेडी नाही" असं सांगून घर सांभाळलं. काका तेव्हा ६९ वर्षांचे. सीओईपीचे इंजिनिअर, बोट क्लबवाले, रेगाटाच्या आठवणी काढल्या की थांबत नाहीत असे. त्यांचं रोइंग मुळेच्या पाण्यावर झालेलं. रोइंगमध्ये पाठ पुढे करून बसतात. कनूत बसल्याबसल्या काका म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदाच जिकडे जातोय तिकडे तोंड आहे!"

बटाट्याची भाषा

पहिल्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉपवर नाही (लॅपटॉप नव्हताच), कॅमेऱ्याच्याच स्क्रीनवर फुटेज बघितलं, तेव्हा या कॅमेऱ्याचा मूळ स्वभाव कळला. त्याची काच प्रचंड वाइड. जवळचं मोठं आणि लांबचं एकदम क्षुल्लक. पन्नास मीटरवर उभं असलेलं मूस, म्हणजे घोड्याहून थोराड हरीण, चित्रात मुंगी झालं होतं. दुपारी वाऱ्याने उठलेल्या ज्या लाटांनी माझी बोबडी वळली होती, त्या व्हिडिओत बशीतल्या चहासारख्या दिसत होत्या.

हे दुसरं प्रकरण वाटतं तेवढं विनोदी नाही. खळाळत्या नदीत कनू घालणाऱ्यांच्या बाबतीत तर मुळीच नाही. कॅमेरा प्रत्येक रॅपिड सपाट करून दाखवतो. बघणाऱ्याला वाटतं, हॅ, एवढंच! आणि शूट करणाऱ्याला वाटतं, अजून मोठं हवं. कॅमेरा लावला की माणसाला चेव येतो, हे लग्नाच्या वरातीत आपण बघतोच. जी नदी तुम्ही कॅमेऱ्याशिवाय होडीतून उतरला नसता, ती कॅमेऱ्यासाठी उतरू नका. तिथे पोर्टेजची वाट असते, ती उगाच नसते. आणि लाइफ जॅकेट अंगात घालायचं असतं, त्याची उशी करायची नसते. तिथलं पाणी सप्टेंबरातही माणसाला पटकन गारठवतं.

मग शूट काय करायचं? जवळचं. हा कॅमेरा हाताच्या अंतरावर राजा आहे. वल्ह्यावरून निथळणारे थेंब, दोरीची गाठ मारणारी बोटं, चुलीवरचं पातेलं, पोर्टेजच्या वाटेवर चिखलात फसलेला बूट. पहिल्याच पोर्टेजचा (कनू लेक ते जो लेक, २९५ मीटर, पिवळ्या पाटीवर लिहिलेलं असतं) आमचा सगळ्यात भारी शॉट होता तो वहिनीने उलट्या कनूच्या आत चिकटवलेल्या कॅमेऱ्याचा. काळोखी होडी, घामेजलेला चेहरा आणि खालून सरकणारी पायवाट.

दुसरा फंडा, कॅमेरा होडीतून बाहेर काढा. एका खडकावर ठेवा, चालू करा, समोरून वल्हवत जा, परत या, उचला. दहा मिनिटं जातात आणि पंधरा सेकंद मिळतात. पण तेवढ्यानेच बघणाऱ्याला कळतं की हे तळं किती मोठं आहे आणि आपण केवढेसे. सगळा वेळ होडीतूनच शूट केलं तर कॉफी मशीनवाल्याचा व्हिडिओ तयार होतो. ड्रोनचा मोह असेल तर तो टोरांटोतच ठेवा. ओंटारिओच्या पार्कांमध्ये परवानगीशिवाय ड्रोन चालत नाही. आणि खरं सांगायचं तर त्या शांततेत ती भुणभुण ऐकली असती तर मीच वल्हं फेकून मारलं असतं.

काचेवरचे थेंब ही कायमची कटकट. त्यावरचा कयाकवाल्यांचा उपाय ऐकून वहिनीने तोंड वाकडं केलं, पण तो चालतो. काच जिभेने चाटायची. थुंकीमुळे पाण्याचे मणी होत नाहीत, एकसारखा पापुद्रा पसरतो. रुमालाने पुसलं की हमखास फराटे. कॅमेरा सुटला तर दगडासारखा बुडतो, त्यामुळे त्याला तरंगणारा फ्लोट आणि दोरी दोन्ही हवं. वाऱ्यात आवाजाचा भरवसा नाही. वल्ह्यांची लय, शेकोटीचा तडतडाट हे किनाऱ्यावर, वारा पडल्यावर वेगळं रेकॉर्ड करायचं. रात्री लून पक्षी ओरडतो ते तर नक्कीच. कॅनडाच्या डॉलरच्या नाण्यावर असलेला हाच तो पक्षी. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, कुणीतरी अडचणीत आहे.

बॅटरी एक-दीड तासाच्या वर टिकत नाही आणि थंडीत त्याहून कमी. सप्टेंबरच्या रात्री पारा पाचच्या आसपास येतो. म्हणून आमच्या चार बॅटऱ्या माझ्या स्लीपिंग बॅगेत, मोज्यात गुंडाळून झोपायच्या. २० हजार एमएएचच्या पॉवर बँकेत सात-आठ चार्ज होतात. (विमानात ती केबिन बॅगेतच ठेवायची, चेक-इनमध्ये नाही.) कार्डाचं गणित असं: ६० मेगाबिटच्या वेगाने फोर-के शूट केलं तर तासाला २७ जीबी. आमचं चार दिवसांचं साडेचार तास फुटेज झालं. म्हणजे १२० जीबीच्या वर.

आता साडेचार तास म्हणजे जरा जास्तच. मी पहिल्या दिवसापासून कोकलत होते, पंधरा-वीस सेकंदांचे शॉट घ्या, बंद करा. वहिनी घ्यायची. दादा? त्याने कॅमेरा होडीच्या पुढच्या कडेला क्लॅम्पने बसवला, तोंड मागे करून. चालू करायचा आणि विसरायचा. अख्खं तळं पार होईपर्यंत कॅमेरा चालूच.

मागे बसलेला माणूस

कनूची एक गंमत आहे. पुढे बसलेल्याला मागचा दिसत नाही. मागचा माणूस दिशा सांभाळतो. प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी पातं बाहेरच्या बाजूला किंचित वळवतो, त्याला जे स्ट्रोक म्हणतात. तो नीट बसला की होडी रेघ मारल्यासारखी जाते. काकांना तो अर्ध्या तासात जमला. मला अजून जमलेला नाही. चार दिवस दादाला काकांचा फक्त आवाज येत होता. "डावीकडे खडक आहे." "ती बघ, ती कोवळी मेपल." आणि मधूनच, "जरा थांब रे, पाणी पितो."

रात्री मेतकूट-भात नाहीतर खिचडी. अल्गॉन्किनच्या आतल्या भागात डबाबंद पदार्थ आणि काचेच्या बाटल्या न्यायला बंदी आहे, त्यामुळे पुण्याहून आलेल्या सुक्या पिशव्यांना भलताच मान होता. जेवण झालं की उरलेला शिधा आणि टूथपेस्टसुद्धा दोरीने झाडावर उंच टांगायची, अस्वलासाठी. ते काम काका करायचे. गाठी त्यांच्याच पक्क्या.

मी परत पुण्याला आले. फुटेज दादाच्या हार्ड डिस्कवर पडून राहिलं, जसं सगळ्यांचंच राहतं. प्रोजेक्ट, डेडलाइन, रिलीज. जानेवारी २०२४ मधल्या एका रविवारी रात्री बाहेर बर्फ पडत होता म्हणून त्याने ते टीव्हीवर लावलं. माझा फोन वाजला तेव्हा माझ्याकडे सोमवारचे सकाळचे साडेसात वाजले होते.

"बाबांचा डावा हात बघितला होतास का गं तू?"

त्याने क्लिप पाठवली. तीच, बंद करायची राहून गेलेली. दादा पुढे बसून आभाळ बघतोय. त्याच्या खांद्यापलीकडे काकांनी वल्हं आडवं ठेवलंय, "पाणी पितो" म्हणालेत, पण बाटलीला हात लावलेला नाही. डावा हात मांडीवर आहे. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर फिरताहेत, जणू काही वळताहेत. लयीत, न थांबता. मिनिटभराने काका त्या हाताकडे बघतात, उजव्या हाताने तो दाबून धरतात. मग वल्हं उचलतात. आणि वल्ह्याला हात लागताक्षणी थरथर बंद. होडी परत सरळ रेषेत.

दुसऱ्या दिवसाच्या फुटेजमध्ये असे थांबे दोन होते. चौथ्या दिवशी सात.

"तू जाऊन बघून ये," दादा म्हणाला. "फोनवर विचारलं तर ते काही सांगणार नाहीत."

मी संध्याकाळी गेले. मावशीने चहा केला. काकांनी कप उजव्या हाताने घेतला, डावा पेपराखाली. काय बोलावं सुचेना, म्हणून लॅपटॉप उघडला आणि क्लिप लावली. काकांनी ती शेवटपर्यंत बघितली. मग म्हणाले, "स्ट्रोक बघ. सरळ चाललीये की नाही?"

"काका, हे कधीपासून?"

"मे महिन्यापासून."

"म्हणजे ट्रिपच्या आधीपासून?"

"आधी सांगितलं असतं तर नेलं असतं का तुम्ही मला?"

मावशी काही बोलली नाही. तिला माहीत होतं, पण तिलाही गप्प राहायची ताकीद होती.

त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी क्लिप दोनदा बघितली, मग काकांना चालायला लावलं, बोटं मिटून-उघडून बघायला सांगितली, हात सैल सोडायला लावून मनगट वाकवून बघितलं. क्लिपवरून निदान होत नसतं, ते तपासण्यावरूनच होतं. पण दवाखान्यात आवरून बसलेला माणूस जे दाखवत नाही, ते क्लिपमध्ये होतं. पार्किन्सन्सची थरथर बरेचदा हात मोकळा असताना दिसते आणि हात कामाला लागला की कमी होते, हे मला त्या दिवशी कळलं. काकांचा पार्किन्सन्स सुरुवातीच्या टप्प्यावर होता. औषधं सुरू झाली, फिजिओथेरपी सुरू झाली. तो जात नाही, सांभाळत राहावा लागतो. हे सगळं लिहायला काकांनी परवानगी दिली, एका अटीवर. जे स्ट्रोकचा उल्लेख हवा.

कापायचं काय, ठेवायचं काय

फिल्म शेवटी मी आणि वहिनीने मिळून एडिट केली. दोन झाल्या. एक सगळ्यांना दाखवायची, साडेसहा मिनिटांची. त्यात मूसची मुंगी नाही, लाटांचा चहा नाही. पोर्टेज आहे, पातेलं आहे, रात्रीच्या काळोखावर लूनचा आवाज आहे. दुसरी फक्त घरासाठी. तिच्यात काकांचा अकरा मिनिटांचा एकच अखंड शॉट आहे. थांबे कापायचे की ठेवायचे यावर आमची जोरदार वादावादी झाली. वहिनी म्हणत होती काढू या, दादा म्हणत होता ठेवू या. काकांना विचारलं तर म्हणाले, "ठेवा. माझ्या नातवाला जे स्ट्रोक शिकायचा असेल तर पूर्ण बघू दे."

एडिट करता करता मी बिल मेसनच्या फिल्म बघितल्या. कनू फिल्म करायची असेल तर आधी या बघाच. मेसन कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डसाठी काम करायचा. १९६६ ची 'पॅडल टू द सी' ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचली, १९७७ ची 'पाथ ऑफ द पॅडल' ही मालिका बघून कित्येकांनी वल्हं हातात धरलं आणि १९८४ मध्ये 'वॉटरवॉकर' आली. हे सगळं फिल्मच्या रोलवर. १०० फुटांचा रोल तीन मिनिटांच्या आत संपायचा. त्याची लाल कनू धुक्यातून येते तेव्हा कॅमेरा ढिम्म हलत नाही. तुम्हीच पुढे झुकून बघायला लागता. बोर्डाच्या वेबसाइटवर त्याच्या फिल्म फुकट बघता येतात. दादाने विसरून चालू ठेवलेल्या कॅमेऱ्याला मी आता जरा मानाने बघते, तरी माझा सल्ला बदललेला नाही. पंधरा सेकंद, आणि बंद. दादासारखं नशीब सगळ्यांचं नसतं आणि साडेचार तास बघत बसायला जानेवारीतला बर्फही सगळीकडे पडत नाही.

जायचं मनात असेल तर सप्टेंबरचा उत्तरार्ध धरा. मे-जूनमधल्या चावऱ्या माश्या गेलेल्या असतात, डासही जवळजवळ संपलेले असतात आणि मेपल लाल व्हायला लागतात. आतल्या मुक्कामाचं बुकिंग पाच महिने आधी उघडतं, म्हणजे एप्रिलमध्येच क्लिक करत बसायचं. व्हिसाचं त्याच्याही आधी बघा. एका मुक्कामावर जास्तीत जास्त नऊ माणसं. कनू, वल्ही, लाइफ जॅकेट तिथेच भाड्याने मिळतात.

आमचं या वर्षीचं बुकिंग झालंय, तीच चौकडी. डॉक्टरांची हरकत नाही, वल्हवणं चांगलंच म्हणाले, फक्त लहान टप्पे आणि दुपारच्या वाऱ्याआधी मुक्काम. काका या वेळी पुढे बसणार आणि मागे दादा, म्हणजे त्याला आता जे स्ट्रोक शिकावाच लागणार. कॅमेरा मात्र पुढच्या टोकाला लावायचा की मागच्या, यावरून त्याची आणि वहिनीची गेला महिनाभर व्हॉट्सॲपवर जुंपली आहे. काका म्हणतात, कुठेही लावा, पण चाटायचं काम मी करणार नाही.